न वापरलेल्या तिकिटातले परके पैसे

ग्राहकाचे हक्क : लेखांक ७

मागच्या लेखांकात विमान कंपनीने स्वतः रद्द केलेल्या उड्डाणाचा विचार केला. आजचा प्रश्न उलटा आहे. विमान वेळेवर उडाले, पण प्रवासीच पोहोचला नाही. वसई-विरारमध्ये ही वेळ कुणावरही येऊ शकते. मुंबईचा विमानतळ गाठायला एक तर लोकलने अंधेरी, नाहीतर महामार्गाने खाडीचा पूल आणि घोडबंदर फाट्याची कोंडी. जुलै २०१८च्या पावसात नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी भरून लोकल ठप्प झाली, तेव्हा तर रेल्वेचा पर्यायही उरला नव्हता. अशा वेळी स्वस्तातल्या तिकिटाचे सगळे पैसे बुडाले असे समजून बहुतेक जण गप्प बसतात. ही समजूत चुकीची आहे.

तिकिटाची रक्कम एकजिनसी नसते. तिच्यात कंपनीचे मूळ भाडे असते, तसेच कंपनीने दुसऱ्यांसाठी गोळा केलेले पैसेही असतात. मुंबईहून देशांतर्गत उड्डाणासाठी २०२५ मध्ये ठरलेले विमानतळाचे वापरकर्ता विकास शुल्क १७५ रुपये आहे, तर २०२१ पासून सुरक्षा शुल्क २०० रुपये. हे विकास शुल्क विमानात चढणाऱ्या प्रवाशामागे आकारले जाते. जो चढलाच नाही, त्याच्या नावाचे पैसे कंपनीने ठेवून घ्यावेत याला आधार उरत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नियमही हेच सांगतो. तिकीट रद्द केले, वापरले नाही किंवा प्रवासी ‘नो-शो’ ठरला, तरी वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्के परत करावीत. भाडे ‘नॉन-रिफंडेबल’ असले तरीही हा नियम लागू आहे आणि परताव्यासाठी वेगळे शुल्क लावण्यास मनाई आहे.

यावर म्हटले जाईल की, स्वस्त दर हा सौदाच असतो. सवलत घेतली तर जोखीमही घ्यावी. हे मूळ भाड्यापुरते मान्य करायला हवे. रिकाम्या गेलेल्या आसनाचे नुकसान कंपनीने का सोसावे? पण तो सौदा कंपनीच्या भाड्याचा होता, विमानतळाच्या शुल्काचा नव्हता. दुसरा आक्षेप रकमेचा. तीन-चारशे रुपयांसाठी कोण खटपट करणार? चौघांच्या कुटुंबाचे वरच्या दोन शुल्कांचेच दीड हजार रुपये होतात. शिवाय प्रत्येकाने सोडून दिलेली छोटी रक्कम एकाच तिजोरीत साठत जाते. तिकीट स्टेशनजवळच्या एजंटाकडून काढले असेल, तर एजंट कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी एजंटाकडे. नियमानुसार परताव्याची जबाबदारी कंपनीचीच आहे, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी असतो.

मात्र मागणी लगेच करावी. ‘गो फर्स्ट’ या विमान कंपनीची उड्डाणे ३ मे २०२३ पासून थांबली, जानेवारी २०२५ मध्ये कंपनी अवसायनात गेली आणि तिकीटधारक धनकोंच्या रांगेत उभे राहिले. कंपनी चालू असतानाच पीएनआर (आरक्षण क्रमांक) देऊन कर आणि शुल्कांचा परतावा लेखी मागावा. दाद लागली नाही, तर हवाई प्रवाशांच्या तक्रारींसाठीचे ‘एअरसेवा’ पोर्टल आणि १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. तरीही हा भार प्रवाशावर असणे योग्य नव्हे. कोण विमानात चढले नाही हे कंपनीच्या संगणकाला त्याच दिवशी कळते. म्हणून हे पैसे न मागता खात्यात जमा व्हायला हवेत, आणि तशी सक्ती डीजीसीएने करावी.