घर एक, जबाबदार अनेक

७ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या परिसरात दोन मोठे वणवे पेटले. समुद्राकाठची पॅसिफिक पॅलिसेड्स ही सधनांची वस्ती आणि डोंगरपायथ्याचे, पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मध्यमवर्गीयांचे अल्टाडेना, या दोन ठिकाणी मिळून सोळा हजारांहून अधिक इमारती जळाल्या आणि सुमारे तीस माणसे प्राणास मुकली. राख आणि ढिगारे हलविण्याचे काम लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाने बहुतांशी त्याच वर्षी उरकले. राज्यपालांनी पुनर्बांधणीच्या आड येणारे काही पर्यावरणविषयक परवाने वटहुकमाच्या धर्तीवर स्थगित केले. तथापि पहिले वर्ष सरले तेव्हा पूर्ण झालेली घरे अगदीच थोडी होती. पैसा, यंत्रे व तंत्रज्ञान यांची ददात नसलेल्या देशात असे का व्हावे?

याची कारणे अनेक आहेत. विम्याची अपुरी रक्कम हे त्यांतले सर्वांत मोठे. परंतु एका कारणाची चर्चा क्वचितच होते, आणि ते घर बांधण्याच्या रूढ पद्धतीत दडलेले आहे. मालक प्रथम वास्तुविशारदाकडून नकाशे करवून घेतो, मग निविदा मागवितो, आणि सर्वांत कमी दर देणाऱ्या कंत्राटदारास काम सोपवितो. वास्तुविशारदाचा करार मालकाशी, कंत्राटदाराचाही मालकाशीच. त्या दोघांचा परस्परांशी कसलाच करार नाही. नकाशात चूक निघाली, तर कंत्राटदार जादा कामाचे देयक पुढे करतो आणि वास्तुविशारद म्हणतो की, चूक नकाशात नव्हे, वाचणाऱ्यात आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१८ साली, ब्रुकलिनच्या नौदल गोदीतील बांधकामावरून उद्भवलेल्या स्पिअरिन खटल्यात असा निर्णय दिला की, नकाशे ज्याने पुरविले त्यानेच ते निर्दोष असल्याची हमी दिली असे मानावे. तेथे नकाशे पुरविणारे खुद्द सरकार होते. सामान्य घरमालकाला मात्र या तत्त्वाचा अर्थ असा पडतो की, जे नकाशे त्याला धड वाचताही येत नाहीत त्यांचा तोच जामीन! सरकारी कचेरीत दोन टेबलांच्या मध्ये अडकलेली फाईल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही.

एरवी हा घोळ सोसता येतो. आपत्तीनंतर तो परवडत नाही. कॅलिफोर्नियात आणीबाणी जाहीर झालेल्या आपत्तीनंतर बेघर विमेदाराला भाड्याच्या घराचा खर्च निदान २४ महिने मिळावा, सबळ कारण असल्यास आणखी १२ महिने मिळावा, असा कायदा आहे. अर्थात पॉलिसीतील रकमेची मर्यादा आहेच. ती मुदत वा रक्कम संपली की, एका बाजूने घरभाडे आणि दुसऱ्या बाजूने जळालेल्या घराच्या कर्जाचा हप्ता, असा दुहेरी भार कुटुंबावर पडतो. नकाशे पुरे होऊन निविदा उघडल्यावर घराची किंमत विम्याच्या रकमेत बसत नाही असे आढळले, तर सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. अशा वेळी जळका भूखंड विकून मोकळे होण्याचा मोह कोणाला होणार नाही?

म्हणूनच वास्तुविशारद, अभियंता आणि कंत्राटदार यांना आरंभापासून एका करारात बांधणारी ‘डिझाइन-बिल्ड’ पद्धती तेथे पुढे आली आहे. या पद्धतीत नकाशाची रेघ ओढली जात असतानाच तिची किंमत सांगणारा मनुष्य शेजारी बसलेला असतो. वरचे मजले कागदावर असतानाच पायाचे काम सुरू करता येते. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ साली विचारले होते की, बाजार इतका कार्यक्षम असेल तर उद्योगसंस्था मुळात अस्तित्वात का येतात? त्याचे उत्तर असे की, बाजारातील प्रत्येक व्यवहाराला शोधाचा, घासाघिशीचा, कराराचा खर्च असतो. तो एका छत्राखाली कमी होतो तेव्हा संस्था जन्मते. हजारो कुटुंबे एकाच वेळी मोजक्या गवंड्या-सुतारांच्या मागे धावत असतात, तेव्हा हा खर्च किती फुगत असेल!

२०१७ च्या ऑक्टोबरात सांता रोझा या शहरातील कॉफी पार्क वस्तीत हजाराहून अधिक घरे जळाली. सपाट जमीन, सारख्या आकाराचे भूखंड, आणि नकाशापासून किल्लीपर्यंत सर्व पुरविणारे, तयार आराखडे हाती असलेले बांधकामदार असा योग तेथे जुळला. त्याच आगीत जळालेल्या, टेकडीवरच्या फाउंटनग्रोव्ह भागात घरागणिक स्वतंत्र आराखडा होता. कॉफी पार्क तीनएक वर्षांत बहुतांशी उभे राहिले, फाउंटनग्रोव्ह बरेच मागे रेंगाळले. उतारावरची जमीन अवघड असते हे खरे, त्यामुळे सारे श्रेय पद्धतीला देणे योग्य होणार नाही. पण काही श्रेय तिचे आहेच.

मात्र याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. रूढ पद्धतीत वास्तुविशारद हा मालकाचा पहारेकरी असतो. काम नकाशाबरहुकूम झाले की नाही हे तो पाहतो. एकत्रित पद्धतीत तो कंत्राटदाराच्या पंगतीला बसतो. जॉर्ज अकरलॉफ याने १९७० साली दाखवून दिले की, विकणाऱ्याला मालाचे गुणदोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा बाजारात हलका माल चांगल्याला हुसकावून लावतो. आगीपासून राखणारे बांधकाम तर नेमके डोळ्यांआडचे असते. घर बहुधा ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्याबरोबर उडत येणाऱ्या निखाऱ्यांनी पेटते. ते माळ्याच्या झरोक्यातून शिरतात. तेथली जाळी बारीक आहे की नाही, छपराच्या कडेखाली काय वापरले आहे, हे रंग दिल्यावर कळत नाही. ते पुढच्या वणव्यात कळते. कॅलिफोर्नियाने २००८ पासून वणव्याच्या पट्ट्यातील नव्या घरांना या बाबतीत कडक नियम लावले. २०१८ साली पॅराडाइज हे गाव जळाले आणि ८५ माणसे मेली, तेव्हा एका वृत्तपत्रीय पाहणीत आढळले की, या नियमांनंतरच्या घरांपैकी सुमारे निम्मी शाबूत राहिली. आधीच्यांपैकी पाचांत एकही नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे आराखडा आणि बांधकाम ही दोन्ही गावकऱ्यांच्या हाताबाहेर होती. रुंद रस्ते आणि आखीव रांगा मिळाल्या. पण गुरांना, कडब्याला आणि वाड्यातल्या एकत्र कुटुंबाला जागा कोठे, हे विचारणारा कोणी त्या आराखड्यात नव्हता. मग लोकांनी आपल्या परीने पडव्या, गोठे, खोल्या जोडून घेतल्या. याच कार्यक्रमात कमी हानी झालेल्या गावांतील लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती मात्र मालकांनी स्वतः, हप्त्याहप्त्याने मिळणारे अनुदान आणि सरकारी अभियंत्याचा सल्ला घेऊन केली. म्हणजे एकाच खात्याच्या देखरेखीखाली दोन्ही प्रयोग झाले.

तेव्हा वादाचा मुद्दा नकाशा आणि बांधकाम एका हाती असावे की नाही, हा नाही. एक हात असावाच, कारण दोष कोणाचा हे ठरविताना तोंड चुकवायला जागा राहत नाही. पण त्या हाताला पैसे देताना अट हवी. बांधकामदाराशी कसलाही संबंध नसलेल्या तपासनिसाने पाया, सांगाडा, छप्पर आणि झरोके प्रत्यक्ष पाहून सही केल्याशिवाय पुढचा हप्ता सुटू नये. एकट्या कुटुंबाला असा तपासनीस नेमणे जड जाईल. एका गल्लीतील वीस घरांनी मिळून नेमला तर त्याचे शुल्क विभागले जाईल. आणि बँकेला स्वतःच्या कर्जाची काळजी असतेच, तेव्हा तिनेही त्यात वाटा उचलावा. अल्टाडेनातील ज्या विमेदारांचे भाडे पूर्ण ३६ महिने चालू राहील, त्यांचीही मुदत जानेवारी २०२८ मध्ये संपते.