गुलाबाच्या नावाने विकले गेलेले गवत

पावसाळा ओसरून आश्विन लागला, की सातपुड्याच्या उघड्या उतारांवरील रोशा गवताला तुरे येतात. तुरा बोटांत चुरगळला, तर गुलाबाची आठवण करून देणारा गोड वास दरवळतो. खानदेश, मेळघाट, निमाड आणि बैतुलच्या डोंगरांत हे गवत कोणी न पेरता उगवते. विदर्भात त्याला तिखाडी म्हणतात. जगाच्या बाजारात त्याचे तेल पामारोसा या नावाने ओळखले जाते. या तेलाची हकीकत वनस्पतिशास्त्राची आणि रसायनशास्त्राची आहे; तितकीच ती व्यापारातील सचोटीचीही आहे.

तिळाचे किंवा करडईचे तेल कागदावर पडले, तर त्याचा डाग कायम राहतो. सुगंधी तेलाचा थेंब मात्र काही वेळाने उडून जातो. म्हणूनच त्याला बाष्पनशील तेल म्हणतात. रोशाचे तेल मुख्यत्वे तुऱ्यांत आणि पानांत असते, देठांत ते नाममात्र आढळते. ते काढण्याची रीत साधी आहे. भट्टीवरील मोठ्या हंड्यात गवत आणि पाणी भरून खाली जाळ करायचा. वाफेबरोबर तेल वर येते, नळीतून जाताना थंड होते आणि पाण्यावर तरंगते. जुन्या काळी ओढ्याच्या काठी अशा भट्ट्या लागत, कारण वाफ थंड करण्यासाठी वाहते पाणी हाताशी असे. शंभर किलो गवतातून साधारणतः तीनशे ते पाचशे ग्रॅम तेल हाती येते.

डोंगरातील या गवताचे दोन प्रकार आहेत. कोरड्या, मोकळ्या उतारांवर विखुरलेल्या झुबक्यांनी वाढते ते मोतिया, आणि ओलसर जागी दाट माजते ते सोफिया. दिसायला दोन्ही इतके सारखे, की जाणकाराचीही नजर फसावी. तेलात मात्र मोठा फरक पडतो. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल नावाचे संयुग साधारणतः ७५ ते ९० टक्के असते, आणि गुलाबासारखा वास त्याचाच. सोफियाच्या तेलात ते पुष्कळ कमी असून इतर घटकांमुळे वासाला आल्यासारखा उग्रपणा येतो. म्हणून पहिल्याचा भाव चढा आणि दुसऱ्याचा उतरता. घाईत किंवा लोभाने दोन्ही गवते एका हंड्यात पडली, की पहिली भेसळ डोंगरातच घडते.

एकोणिसाव्या शतकात खानदेशातील तेल मुंबईच्या बंदरात येई आणि तेथून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्की साम्राज्यात पोहोचे. तेथे त्याला मोठी मागणी होती, पण ती त्याच्या स्वतःच्या नावाने नव्हती. आज बल्गेरियात असलेले कझानलीकचे गुलाबांचे खोरे त्या काळी तुर्की अमलाखाली होते. एक किलो गुलाबतेलासाठी तीन ते पाच हजार किलो फुले लागतात. त्यामुळे त्याची किंमत सोन्याशी स्पर्धा करी. भारतातून आलेले गवताचे तेल लिंबाच्या रसाच्या पाण्यात घुसळून उन्हात ठेवले जाई. त्याने त्याचा मागे रेंगाळणारा उग्र वास जाऊन रंगही फिका होई. मग ते गुलाबतेलात मिसळले जाई. कधी कधी तर ऊर्ध्वपातनापूर्वी पाकळ्यांवरच शिंपडले जाई. पुढे तेच युरोपात शुद्ध गुलाबतेल म्हणून विकले जाई.

एका लबाडीने दुसरी ओढवून घेतली. खऱ्या गुलाबतेलात नैसर्गिक मेणासारखा अंश असतो, त्यामुळे थोड्याशा थंडीतही ते गोठू लागते. ग्राहक याच खुणेवरून पारख करीत. गवताचे तेल मिसळले, की हा गोठण्याचा गुण मंदावे. तो भरून काढण्यासाठी भेसळ करणारे त्यात स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या डोक्यातून काढलेले मेण घालू लागले. फुलांचा अर्क म्हणून भक्तिभावाने अंगाला लावलेल्या अत्तरात अशी वस्तू असू शकेल, याची घेणाऱ्याला कल्पनाही नसे. दोष गवताचा नव्हता, व्हेलचा तर नव्हताच. तो कुपीवरील नावाचा होता.

१८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या या गवताच्या तेलापासून जिरॅनिऑल प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. दहा कार्बन, अठरा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन अशी त्याच्या रेणूची घडण आहे. हेच संयुग गुलाबातही आहे, आणि गवतातील व गुलाबातील रेणूंत तिळमात्र फरक नाही. मग कोणी विचारील, की दोन्हींतील द्रव्य एकच असेल, तर भेसळ कसली? त्याचे उत्तरही रसायनशास्त्रच देते. गुलाबतेलात जिरॅनिऑलखेरीज सिट्रोनेलॉल, नेरॉल आणि इतर शेकडो घटक असतात. १९७० च्या सुमारास ओळखले गेलेले डॅमासेनोन हे संयुग त्यात एक टक्क्याहूनही कमी असते, तरी गुलाबाच्या वासाचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो. एक घटक सारखा असला म्हणून माल सारखा होत नाही.

याकोबसेनच्या शोधानंतर कोणत्या तेलात जिरॅनिऑल किती, हे मोजणे शक्य झाले आणि या तेलाला स्वतःची पत मिळाली. साबण व सुगंधी द्रव्यांचे कारखानदार जिरॅनिऑलसाठी उघडपणे पामारोसा मागू लागले. रानावर अवलंबून न राहता शेतातही त्याची लागवड सुरू झाली. लखनौच्या केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्थेने त्याचे सुधारित वाण तयार केले. ‘तृष्णा’ हा त्यांपैकीच एक. एकदा लावलेले पीक काही वर्षे टिकते आणि वर्षातून एकाहून अधिक कापण्या देते. शेतात मोतियाचे निवडक बी वापरता येत असल्याने सोफियाची सरमिसळ टळते आणि प्रत बरीच एकसारखी राहते. रानातील मालाबाबत ही खात्री देता येत नाही.

भेसळीचा मोह मात्र संपलेला नाही. पामारोसात रॉकेल, टर्पेंटाइन किंवा गोडे तेल मिसळले असेल, तर एक जुनी कसोटी उपयोगी पडते. शुद्ध तेल आपल्या दुप्पट आकारमानाच्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये स्वच्छ विरघळते; भेसळ असेल तर ते गढूळ होते. टर्पेंटाइनपासून बनवलेले कृत्रिम जिरॅनिऑल मिसळले, तर ही कसोटी फसते. तेथे १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी मांडलेली गॅस क्रोमॅटोग्राफी कामाला येते. ती तेलातील घटक एकेक करून वेगळे दाखवते. बाकीचे घटक अपेक्षेपेक्षा कमी दिसले, की शंकेला जागा होते. कृत्रिम जिरॅनिऑल वाईट आहे असे मुळीच नाही. कृत्रिम म्हणून विकले, तर तो चोख व्यवहार आहे. नैसर्गिक म्हणून विकले, तर ती फसवणूक आहे.

साठवणुकीतही दक्षता लागते. तेलात पाण्याचा अंश राहिला, डबा अर्धवट भरून हवा शिरली किंवा ऊन लागले, तर वास बिघडतो. पाणी काढून टाकलेले तेल काठोकाठ भरलेल्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे, हे चांगली पेढी कोणी न सांगता पाळते.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोट्या वजनमापांबरोबरच प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे चांगल्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळून विकणे, याचाही समावेश आहे. कुलूप फोडले नाही, तिजोरीला हात लावला नाही, तरी ती चोरीच्याच पंक्तीतील गोष्ट मानली आहे. प्रयोगशाळेचा अहवाल तेलातील घटक सांगू शकतो, पण सौदा ठरताना तो दर वेळी समोर असतोच असे नाही. तेव्हा ग्राहक पाहतो ते डब्यावरचे नाव आणि विकणाऱ्याचा शब्द. सातपुड्यातील या गवताला योग्य भाव मिळाला, तो ते रोशा म्हणूनच विकले जाऊ लागल्यावर.