सुकवणी यंत्र घ्यावे का?

शिरूर-दौंडच्या वस्त्यांत उन्हाळ्यात पत्र्यावर कांदा, मेथी, गवार वाळते. दोरीवर मांसाच्या चान्या लटकतात. हेच काम करणारी विजेची यंत्रे आता बाजारात मिळतात. घेण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पंखा : गरम हवा सगळीकडे फिरली नाही तर काही ताटे ओली राहतात आणि बुरशी येते.

तापमान : ते कमी-जास्त करता आले पाहिजे. भाजीला ५५ ते ६० अंश पुरेत. मांस मात्र आधी नीट शिजवून घ्यावे आणि ७० अंशांवर सुकवावे. कोमट हवेत जंतू मरत नाहीत.

वीज : ५०० वॅटचे यंत्र ८ तास चालले तर ४ युनिटपर्यंत वीज लागते.

कडक उन्हात भाजीसाठी यंत्र लागतच नाही. उंचावर ठेवलेली, जाळीने झाकलेली चौकट पुरते. धूळ आणि माश्या बसत नाहीत. पालेभाजी सावलीत वाळवा. थेट उन्हात तिच्यातले 'अ' जीवनसत्त्व कमी होते. यंत्राचा खरा उपयोग पावसाळ्यात. तेव्हा बचत गटाने मिळून एक घेतले तर परवडते.

वाळलेली भाजी हाताने मोडली की कडकन तुटली पाहिजे. मगच ती गार करून हवाबंद डब्यात भरा.