हळदीने कर्करोगाची पेशी मरते, पण कुठे?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या सातारा जिल्ह्यातही हळदीचे पीक घेतले जाते. 'हळद कर्करोग बरा करते' हे या भागात काय, सगळीकडेच ऐकू येते. या समजुतीला प्रयोगशाळेतला आधार आहे, म्हणूनच ती सहजासहजी जात नाही.

आपल्या पेशी फक्त इजा होऊनच मरतात असे नाही. काम संपलेली किंवा डीएनए बिघडलेली पेशी स्वतःच आवराआवर करून संपते. गर्भात हाताची बोटे सुटी होतात, ती मधल्या पेशी अशा मरतात म्हणून. या नियोजित मृत्यूला १९७२ मध्ये 'अपॉप्टोसिस' हे नाव मिळाले.

हा निर्णय बऱ्याचदा तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकाँड्रियात होतो. शाळेत आपण तिला पेशीचे ऊर्जाघर म्हणून ओळखतो. ऊर्जा तयार करताना तिथे सायटोक्रोम-सी हे छोटे प्रथिन राबत असते. पेशीत फार बिघाड झाला की बॅक्स आणि बॅक ही प्रथिने तंतुकणिकेच्या बाहेरच्या आवरणाला भोके पाडतात आणि सायटोक्रोम-सी बाहेर निसटते. आत असताना पेशीला जगवणारे हे प्रथिन बाहेर पडताच मृत्यूचा निरोप ठरते, हे शियाओडोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये दाखवले. मग कॅस्पेज नावाची विकरे जागी होतात आणि पेशीची आतली प्रथिने कातरून टाकतात. उरलेले तुकडे आजूबाजूच्या पेशी गिळतात. सूज नाही, पू नाही.

कर्करोगाच्या अनेक पेशी भोके पडू न देणारे बीसीएल-२ हे प्रथिन भरमसाट बनवतात आणि मरण टाळतात. हळदीतले कर्क्युमिन काचेच्या बशीतल्या अशा पेशींवर टाकले, की त्यांतल्या कित्येकींतून सायटोक्रोम-सी बाहेर येते.

अडचण पुढे आहे. कर्क्युमिन आतड्यातून फारसे शोषले जात नाही, आणि जे शोषले जाते त्याचे यकृत लगेच रूपांतर करते. रोज काही ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन घेणाऱ्यांच्या रक्तातही ते नाममात्रच सापडते. बशीतली मात्रा गाठीपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरील काही प्रयोगांत कर्क्युमिनने केमोथेरपीच्या औषधांमुळे होणारे पेशीमरण उलट रोखले. आमटीतल्या चिमूटभर हळदीची गोष्ट वेगळी. पण कर्क्युमिनच्या गोळ्या चालू असतील, तर केमोथेरपी देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी सांगायला हवे.