आवणीच्या दिवसांतली भूक

आषाढ-श्रावणात जव्हार-मोखाड्याचे डोंगर हिरवेगार होतात आणि नेमक्या त्याच दिवसांत घरातली कणगी रिकामी होते. गेल्या हंगामाचं भात-नाचणी संपलेलं, हळवं भात हाती यायला अजून दोनेक महिने, आणि वीटभट्टीवरची मजुरी उचलीतच फिटलेली.

शरीराचा जमाखर्च इथे पार उलटा पडतो. आवणी म्हणजे भाताची लावणी, दिवसभर चिखलात वाकून काम, तेही अपुऱ्या अन्नावर. त्यात गढूळ पाण्याने हगवण आणि डासांनी हिवताप. जुलाबात खाल्लेलं नीट अंगी लागत नाही, तापात उष्मांक जास्त जळतात. शहरांत याच काळात रानभाज्यांचे महोत्सव भरतात. टाकळा, कुरडू पौष्टिक खरेच, पण त्यांत उष्मांक अगदी थोडे. पोट भरायला कंदच लागतात. कडूकंद तर चिरून, राखेच्या पाण्यात उकडून, वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाता येत नाही. एवढी खटपट कुणी हौसेने करत नाही.

गर्भातल्या बाळावर या भुकेचा काय परिणाम होतो, याचं नेमकं मोजमाप पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात झालं. तिथेही पावसाळा हाच उपासमारीचा काळ. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गरोदर बायकांना रोज शेंगदाण्याची, भरपूर उष्मांकांची बिस्किटं दिली गेली. सुगीत जन्मलेल्या बाळांचं वजन सरासरी ९४ ग्रॅमनी वाढलं, तर उपासमारीच्या महिन्यांत २०१ ग्रॅमनी. बिस्किट तेच, फायदा दुप्पट. त्याच वर्षी गांबियातल्याच दुसऱ्या अभ्यासात, या महिन्यांत जन्मलेल्यांमध्ये तरुणपणी अकाली मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त आढळलं. बांगलादेश आणि सेनेगलमध्ये मात्र तसा संबंध दिसला नाही, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नये. वजनाचा आकडा पुरेसा बोलका आहे.

म्हणजे मदत किती, याइतकंच ती कधी, हेही महत्त्वाचं. आपल्याकडे हे कळत नव्हतं असं नाही. पावसाळ्यात आदिवासींची उपासमार होऊ नये, म्हणूनच तर १९७८ मध्ये खावटी कर्ज सुरू झालं. पण २०२० च्या खावटी अनुदानाचा शासन निर्णय निघाला सप्टेंबरात, आवणी उरकल्यावर. वार्षिक सरासरी पाहणाऱ्या कारभाराला ऋतू दिसत नाहीत. खावटी द्यायची तर ती मृगाच्या आधी घरात पोचली पाहिजे.