चांगला स्ट्रायकर चांगला कोच होतोच का?

परभणी, सेलू किंवा गंगाखेडच्या शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांची वाट ठरलेली असते. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. 19 संपलं की बहुतेकांचे बूट माळ्यावर जातात. पुढे कुणी म्हणालं, "लहान पोरांना शिकव की", तर मनात पहिला विचार येतो, आपण कुठे एवढं मोठं खेळलोय?

पण मोठं खेळलेल्यांचं काय होतं, ते आधी बघू.

जर्मनीचा स्ट्रायकर मिरोस्लाव्ह क्लोजे. 2002 ते 2014 अशा चार विश्वचषकांत त्याने 16 गोल केले. ब्राझीलच्या रोनाल्डोचा 15 गोलांचा विक्रम मोडला आणि 2014 ला कपही उचलला. 2016 मध्ये तो निवृत्त झाला. 2018 मध्ये बायर्न म्युनिकने त्याला कोच केलं, तेही 17 वर्षांखालील पोरांचा. कोचिंगचं सर्वात वरचं लायसन्स मिळायला त्याला 2021 उजाडलं. 16 गोल केले म्हणून अभ्यासक्रमातून सूट मिळाली नाही.

असं का? कारण स्ट्रायकर गोल मारतो तो सवयीने, डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. पण दहा वर्षांचं पोरगं विचारतं, "सर, कसं मारलं?" तेव्हा त्या क्षणाचे तुकडे करून सांगावे लागतात. बॉल येण्याआधी कुठे बघायचं, पहिला टच कुठे घ्यायचा, टेकलेला पाय कुठे ठेवायचा. हे वेगळं कौशल्य आहे आणि ते शिकावं लागतं.

आता आपल्याकडचं उदाहरण. अंजू तुरंबेकर या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळ गावच्या. महाराष्ट्राकडून खेळल्या, मग कोचिंगकडे वळल्या. पायरी पायरीने एएफसीच्या ए लायसन्सपर्यंत पोहोचल्या. अखिल भारतीय फुटबॉल महासंघात ग्रासरूट्स विभागाच्या प्रमुख झाल्या, म्हणजे अगदी लहान मुलांच्या फुटबॉलचं काम. त्यानंतर गोव्याच्या डेम्पो क्लबच्या युवा फुटबॉलची जबाबदारी घेतली.

भारतात या शिडीवर डी लायसन्स ही सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी एक आहे. त्यानंतर सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डी लायसन्स लहान मुलांना शिकवण्यासाठीच आहे. त्यात एक साधी गोष्ट कळते. 22 पोरं मोठ्या मैदानावर सोडली तर निम्म्यांच्या पायाला बॉल लागत नाही. मैदान छोटं केलं आणि एका बाजूला चार-पाच जण ठेवले, की प्रत्येकाला बॉल मिळतो. महासंघाने 2018 मध्ये सुरू केलेल्या बेबी लीगमागेही हाच विचार होता.

यासाठी मोठं स्टेडियम लागत नाही. शाळेचं मैदान, काही बॉल, खुणेला चार विटा आणि रोज वेळेवर येणारा, शिकलेला कोच एवढं पुरतं. परभणीच्या एखाद्या जुन्या स्ट्रायकरला माळ्यावरचे बूट खाली काढायला हे कारण चांगलं आहे.