म्हैस घ्यायला जाताना आपलं माणूस सोबत न्या



धानाचे चुकारे हाती आले की गटाच्या बैठकीत म्हशीचा विषय निघतोच. दुधाचा धंदा चांगला आहे, त्यात शंका नाही. पण म्हैस घेणं म्हणजे साडी घेणं नाही, घरी आणून पसंत नाही म्हणून परत करता येत नाही.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका ताईने गटाच्या कर्जातून ६० हजारांची म्हैस घेतली. बाजारात दलालाने सांगितलं, "आठ लिटरची आहे, डोळे मिटून घ्या." कास तट्ट भरलेली होती. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवसापासून चार लिटरच्या वर दूध गेलं नाही. हिशेब करा. ४५ रुपये भावाने दिवसाचे १८० रुपये. ढेप, चुनी, चारा यांचा खर्च १२० रुपये. उरले ६०, म्हणजे महिन्याला १८००. कर्जाचा हप्ता मात्र २५०० च्या वर. शेवटी ताईने तोट्यात म्हैस विकली आणि राहिलेले हप्ते रोवणीच्या मजुरीतून फेडले. त्या कर्जाची फाईल मीच तपासली होती. हप्ता कसा भरणार हे मी विचारलं, पण म्हैस कोण पारखणार हे विचारलं नाही. म्हणून हा लेख.

दलाल कोणाचा?

बाजारात रुमालाखाली हात धरून, बोटं दाबून भाव ठरतो हे तुम्ही पाहिलंच असेल. बाजूला उभ्या असलेल्या बाईला आकडा कळतच नाही. सगळेच दलाल वाईट नसतात. पण सौदा झाला तरच त्याला पैसे मिळतात, आणि बरेचदा दोन्हीकडून मिळतात. मग "ही म्हैस घेऊ नका" असं तो का सांगेल?

आपल्याला जाणकार हवा, पण त्याची मजुरी आपण दिलेली असावी. दुसऱ्या गावची अनुभवी पशुसखी, पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेला कर्मचारी, किंवा वीस वर्षं म्हशी सांभाळलेली गटातलीच एखादी आजी चालेल. निघण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारा:

- विकणाऱ्याशी तुमचं नातं किंवा देणंघेणं आहे का?
- तुम्ही स्वतः जनावरं विकता का?
- विकणाऱ्याकडून काही घेणार का?

तिन्हीचं उत्तर "नाही" असेल तरच न्या. मजुरी आधीच ठरवा, उदाहरणार्थ दिवसाचे ५०० रुपये आणि गाडीभाडं. किमतीवर टक्का देऊ नका. टक्का दिला तर म्हैस जितकी महाग, तितका त्यांचा फायदा. आणि म्हैस न घेता परत आलात तरी ठरलेली मजुरी द्या. तेव्हाच ते मोकळेपणाने "नको" म्हणू शकतील.

काय काय बघायचं?

*वय.* खालच्या जबड्यातले पुढचे दात बघा. वर पुढचे दात नसतातच, घाबरू नका. म्हशीला साधारण अडीच-तीन वर्षांत दोन मोठे दात येतात, मग चार, सहा आणि पाच वर्षांच्या आसपास आठ. आठही दात झिजलेले असतील तर म्हैस वयस्क आहे. शिंगांवरची वळ्यं घासून, तेल लावून वय लपवतात, म्हणून शिंगावर भरवसा ठेवू नका. पहिल्या-दुसऱ्या वेताची म्हैस बरी.

*दूध.* एक धार पाहून ठरवू नका. आदल्या वेळचं दूध न काढता कास फुगवून बाजारात आणतात. आपल्यासमोर तीनदा दूध काढायला लावा. पहिल्या वेळचं मोजायचं नाही, नुसती कास रिकामी करायची. पुढची सकाळ आणि संध्याकाळ मिळून जे निघेल, ते खरं एका दिवसाचं दूध. पान्ह्यासाठी इंजेक्शन देतात का, यावरही लक्ष ठेवा.

*कास.* चारही सडांतून धार सारखी यायला हवी. दूध काढल्यावर कास मऊ पडली पाहिजे. एखादा भाग दगडासारखा कडक लागला, दुधात गाठी किंवा रक्त दिसलं, तर सौदा सोडा.

*पिल्लू.* सोबतचं वगारू तिचंच आहे का? म्हैस त्याला चाटते का, जवळ घेते का, बघा.

*गाभण आहे म्हणाले तर.* हे नजरेने कळत नाही, पशुसखीलाही नाही. पशुवैद्यकीय डॉक्टरांकडूनच तपासून घ्या. पूर्वी गर्भ पडला होता का, तेही विचारा. सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसालाही लागतो. शंका आली तर डॉक्टरांना रक्ततपासणीबद्दल विचारा.

कागद आणि पैसा

कानातला १२ अंकी बिल्ला बघा. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. लाळ-खुरकूत, घटसर्प आणि इतर लसींची नोंद त्याच क्रमांकावर तपासता येते. विम्यालाही हा क्रमांक लागतो.

इसार थोडाच द्या. बाकी रक्कम तीन वेळचं दूध आणि डॉक्टरांची तपासणी झाल्यावर, शक्यतो खात्यावरून द्या. पावतीवर बिल्ल्याचा क्रमांक, वेत, दूध, किंमत आणि दोघांच्या सह्या हव्यात. मग दवाखान्यात जाऊन नोंद आपल्या नावावर करून घ्या. विमा त्याच आठवड्यात काढा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

नवी म्हैस आणल्यावर तीन आठवडे वेगळी बांधा. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. जनावर आजारी वाटलं तर १९६२ वर फोन करा.

जमलं तर बाजाराऐवजी शेतकऱ्याच्या घरूनच घ्या. कोठा दिसतो, चारा दिसतो, आणि शेजारीण खरं काय ते सांगते.

पुढच्या बैठकीत एवढं करा

ग्रामसंघात अशा तीन जाणकार व्यक्तींची नावं काढा, मजुरी ठरवा आणि ठराव लिहा: जनावराच्या कर्जाच्या अर्जासोबत जाणकाराचं नाव असेल, आणि शेवटची रक्कम त्यांनी होकार दिल्यावरच दिली जाईल. एका ताईचा हप्ता थकला की सगळ्या गटाला तोंड द्यावं लागतं. त्यामानाने ५०० रुपये काहीच नाहीत.

तुमच्या गावातली नावं मला कळवा. इतर गावांतल्या तायांनाही त्यांचा उपयोग होईल.